तापी खोऱ्याचा भूगोल : एक अभ्यासपाठ

आपल्या विद्यालयात भूगोल शिकवीत असताना दरवर्षी एक प्रसंग ठरलेला असे. भगवान बुद्धांच्या चरित्राचा पाठ झाला की मुले रोहिणी नदी नकाशात शोधू लागत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण शाक्य आणि कोलीय यांच्यातील याच नदीच्या पाण्याच्या तंट्यात दाखविले आहे. त्यामुळे आपल्या मुलांना रोहिणीचे नाव गंगेइतकेच जवळचे. ती नेपाळच्या पायथ्याकडील टेकड्यांतून उतरते, गोरखपूरजवळ राप्तीला मिळते, राप्ती घाघरेला आणि घाघरा गंगेला. हा क्रम मुले बिनचूक सांगत. मग मी विचारीत असे, “आता तापी काढा.” आणि वर्गातील निम्मी मुले तापीचा बाण पूर्वेकडे काढीत! गोदावरी पूर्वेकडे, कृष्णा पूर्वेकडे, म्हणून तापीही पूर्वेकडे. ज्या मुलांची गावे भुसावळ, अमळनेर, शिंदखेडा तालुक्यांत, ज्यांनी तापीच्या पुलावरून शेकडो वेळा प्रवास केला, त्यांचा हा बाण. एका विद्यार्थ्याने तर विचारले होते, “गुरुजी, आपली नदी हिमालयातून का येत नाही? आली असती तर उन्हाळ्यात आटली नसती.”

त्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर तेव्हा तासात बसले नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने ते येथे मांडण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम उगम. मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताई येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे ७५२ मीटर उंचीवर, तापी उगम पावते. मुलताई हे नाव ‘मूळ तापी’वरून आले असे सांगतात. येथे हिमनदी नाही, बर्फ नाही. पठारावर पडणाऱ्या पावसाचे आणि जमिनीत मुरून झऱ्यांतून बाहेर येणाऱ्या पाण्याचेच सारे भांडवल. गंगेलाही वर्षभरातील बहुतांश पाणी पावसाचेच मिळते, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. परंतु चैत्र-वैशाखात जेव्हा पाऊस नसतो तेव्हा हिमालयातील बर्फ वितळू लागते आणि प्रवाह तग धरतो. तापीच्या पाठीशी अशी शिल्लक नाही. जून ते ऑक्टोबर या महिन्यांत जे आले ते आले. बाकीचे सात महिने नदी जमिनीने पोटात राखून ठेवलेल्या पाण्यावर जगते. म्हणून तापीची खरी हिमनदी म्हणजे खोऱ्यातील भूजल होय. या वाक्याकडे मी पुढे परत येणार आहे.

आता दिशा. दख्खनचे पठार एकंदरीत पूर्वेकडे कललेले आहे, त्यामुळे बहुतेक मोठ्या नद्या बंगालच्या उपसागराला मिळतात. नर्मदा आणि तापी या दोघी अपवाद. भूपृष्ठाला पडलेल्या लांब भेगांच्या अनुरोधाने जमीन खचली, तिच्या कडेचे भाग उंच राहिले, आणि त्या खचलेल्या पट्ट्यांतून या नद्या पश्चिमेकडे वाहू लागल्या. तापीच्या उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठा-सातमाळ्याच्या रांगा, आणि मधली सपाट काळी जमीन म्हणजे आपला खानदेश. तळाशी खडक ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून झालेला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यावर नदीने आणून टाकलेला गाळ. हिमालय हा वयाने तरुण पर्वत. त्याच्या नद्या अजून डोंगर कापीत आहेत. आपला खडक त्याच्यापेक्षा जुना आहे, हे ऐकून मुलांना नेहमी आश्चर्य वाटे आणि थोडा अभिमानही.

नदीची एकूण लांबी ७२४ किलोमीटर. त्यांपैकी पहिले २८२ किलोमीटर मध्य प्रदेशात, नंतरचे २२८ महाराष्ट्रात आणि शेवटचे २१४ गुजरातेत. खोऱ्याचे क्षेत्रफळ मात्र वेगळीच गोष्ट सांगते. एकूण ६५,१४५ चौरस किलोमीटरांपैकी ५१,५०४ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ ऐंशी टक्के, महाराष्ट्रात आहे. प्रवाहाचा जेमतेम तिसरा हिस्सा आपल्याकडे, पण तिला पाणी पुरविणारी जमीन मुख्यतः आपली. याचे कारण उपनद्या.

मुलताईहून निघालेली तापी सातपुड्याच्या दऱ्यांतून वाट काढीत बऱ्हाणपूरला येते. बऱ्हाणपूर उत्तर काठावर. येथे मोगल काळात, १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या कारकिर्दीत एक विलक्षण पाणीयोजना झाली, तिला कुंडी भंडारा म्हणतात. सातपुड्यावरून उतरणारे पाणी पायथ्याच्या थरांत मुरते, ते जमिनीखालच्या बोगद्याने विहिरीमागून विहीर जोडीत शहरात आणले. पंप नाही, मोट नाही, केवळ उतार. आमच्या एका सहलीत मुले त्या कुंडीत उतरली होती. वर रणरणते ऊन आणि खाली थंडगार वाहते पाणी. शंभर तास शिकवून जे कळत नाही ते त्या पाच मिनिटांत कळले.

बऱ्हाणपूर सोडून तापी जळगाव जिल्ह्यात येते आणि मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेव येथे तिला पूर्णा मिळते. पूर्णा ही तापीची सर्वांत मोठी उपनदी. लांबी २७४ किलोमीटर, खोरे सुमारे १८,९०० चौरस किलोमीटर. ती बैतूलकडील डोंगरांत उगम पावते, पण अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांतून, खारपाणपट्ट्यातून, वऱ्हाडची काळी माती घेऊन येते. संगमाच्या थोडे खाली भुसावळजवळ हतनूरचे धरण आहे, १९८० च्या दशकाच्या आरंभी पूर्ण झालेले, ४१ दरवाजांचे. पूर्णेच्या गाळाने त्याचा जलाशय भरत चालला आहे, ही या धरणाची मोठी अडचण. वऱ्हाडात धूप झालेली माती खानदेशच्या धरणात येऊन बसते. नदीचे खोरे जिल्ह्यांच्या हद्दी ओळखत नाही, याचे याहून सोपे उदाहरण मला माहीत नाही.

उगमापासून हतनूरपर्यंत नदी पाचशे मीटरहून अधिक खाली उतरते. तेथून समुद्रापर्यंत उरलेला उतार सुमारे दोनशे मीटरांचा. म्हणून खानदेशात तापी संथ, रुंद आणि खोल पात्राची. काठ गाळाचे, उंच, कड्यासारखे. त्यांना पावसाने पाडलेल्या घळी. भूगोलाच्या दृष्टीने हीच तापीची सर्वांत महत्त्वाची खूण आहे. पात्र इतके खोल की पाणी डोळ्यांसमोरून जाते, पण शेतात चढत नाही. शेकडो वर्षे मुख्य तापीच्या पाण्यावर फारसे सिंचन झाले नाही, ते उपनद्यांवर झाले. वीज आल्यावर काठावर उपसा सिंचन संस्था निघाल्या. त्यांपैकी अनेक वीजबिलाच्या ओझ्याने बंदही पडल्या. नदीकाठचे गाव आणि टँकरची वाट, हे दृश्य परक्या माणसाला कोड्यात टाकते. आपल्याला ते परिचयाचे आहे.

दक्षिणेकडून येणाऱ्या उपनद्या लांब आणि शांत. उत्तरेकडून, सातपुड्यातून येणाऱ्या सुकी, मोर, अनेर, अरुणावती, गोमाई या आखूड आणि तीव्र उताराच्या. दक्षिणेकडील पहिली नाव घेण्याजोगी नदी म्हणजे वाघूर, आणि हिच्यापाशी थोडे थांबणे आपणास आवश्यक आहे.

अजिंठ्याची लेणी ज्या नालाकृती दरीत कोरली आहेत, ती दरी वाघूर नदीने कापली आहे. दरीच्या मुखाशी नदी कुंडांच्या पायऱ्यांनी उतरते, त्याला सातकुंड म्हणतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकात येथे पहिली लेणी कोरली गेली, दुसरा मोठा काळ पाचव्या शतकातला, वाकाटक राजा हरिषेणाच्या वेळचा. एकूण तीस लेणी. भिक्खूंनी हीच जागा का निवडली, याचे उत्तर इतिहासाच्या आधी भूगोल देतो. एकसंध थरांचा बसाल्ट खडक, वर्षावासाच्या तीन महिन्यांत पुरेसे पाणी, भिक्षेसाठी फार दूर नाही अशी वस्ती, आणि जवळून जाणारा व्यापारी मार्ग. सुत्तनिपाताच्या पारायनवग्गात बावरीचे सोळा शिष्य गोदावरीच्या काठाहून बुद्धांच्या भेटीस निघतात. त्यांच्या वाटेवरील गावांत प्रथम पतिट्ठान म्हणजे पैठण येते, मग माहिस्सती, मग उज्जेनी. माहिस्सती नर्मदाकाठी मानतात. पैठणहून नर्मदेकडे जायचे तर अजिंठ्याची रांग उतरावी लागते, तापी ओलांडावी लागते आणि सातपुडा चढावा लागतो. ग्रंथात तापीचे नाव नाही; पण ते सोळा जण खानदेशातून गेले, हे नकाशा उघडून बसणाऱ्या कोणाही विद्यार्थ्यास सांगता येईल.

आणि आणखी एक. अजिंठ्याच्या दरीतून निघालेली वाघूर जामनेर तालुक्यातून उत्तरेस येते, तिच्यावर जळगावजवळ वाघूर धरण आहे, आणि जळगाव शहराच्या नळांना पाणी याच धरणाचे येते. तेथून पुढे ती भुसावळ आणि जळगाव यांच्या दरम्यान तापीस मिळते. अजिंठा पाहण्यासाठी आपण गाडी करून जातो. अजिंठ्याचे पाणी रोज आपल्या घरी येते.

वाघूरनंतर गिरणा. ती नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीच्या पूर्व उतारावर कळवणच्या बाजूस उगम पावते, मालेगावहून पूर्वेस जाते, चाळीसगाव-भडगावकडून उत्तरेस वळते आणि जळगावच्या बाजूने वायव्येकडे वाकून तापीला मिळते. तिच्यावर कळवण तालुक्यात चणकापूर आणि नांदगाव तालुक्यात १९६९ साली पूर्ण झालेले गिरणा धरण. पुढे पारोळा-अमळनेरची बोरी, धुळ्याची पांझरा, शिंदखेड्याची बुराई. बोरी आणि बुराई या पर्जन्यछायेतल्या नद्या. त्यांच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण वर्षातील बराच काळ त्यांत पाणीच नसते. त्या पट्ट्यातून आपल्या वसतिगृहात आलेली मुले न्हाणीघरात बादली भरताना नळ अर्धाच उघडीत. त्यांना ते कोणी शिकविले नव्हते.

पांझरा मात्र लहान असूनही जगाला शिकवण्याजोगे काही बाळगून आहे. साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या पश्चिमेकडील डोंगरांत ती उगम पावते, धुळे शहरातून जाते आणि मुडावदजवळ तापीस मिळते. एरवी कोरडी दिसणारी ही नदी १८७२ मध्ये अशी आली की धुळ्यात घरादारांची मोठी हानी झाली. या नदीवर, तसेच गिरणा, मोसम, आरम या नद्यांवर, गेली तीन-चारशे वर्षे फड पद्धती चालत आली. नदीत ठरावीक अंतरावर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या शेतीचे मोठे मोठे तुकडे, म्हणजे फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे: एकात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात आणखी काही, आणि दरवर्षी पिकांची पाळी बदलावयाची. प्रत्येक शेतकऱ्याची जमीन बहुधा एकाहून अधिक फडांत विखुरलेली. पाणी कमी असेल त्या वर्षी कमी फड भिजवावयाचे. पण जो फड भिजवावयाचा तो सगळा. त्यामुळे टंचाई आली तर ती एकाच्या माथी न येता सर्वांत वाटली जाई. पाट राखणारे पाटकरी, पिके राखणारे जागले, त्यांच्यावर हवालदार. या सर्वांचे वेतन शेतकऱ्यांनीच द्यावयाचे. सरकारी अधिकारी कोणी नाही.

रोहिणीच्या काठी जो प्रश्न उभा राहिला तोच हा प्रश्न. कथेनुसार ज्येष्ठ महिना होता, पाणी दोन्ही काठांच्या पिकांना पुरणारे नव्हते, आणि शस्त्रे निघाली. पांझरेच्या काठी साध्या कुणबी माणसांनी तो प्रश्न नांगराच्या पाळीने सोडविला. परंतु फडाची स्तुती करताना एक गोष्ट दडवून चालणार नाही. ही समता जमीन असणाऱ्यांमधली होती. ज्याच्या नावावर फडात तुकडा नाही, त्याला पाण्यात वाटा नाही. आणि आपल्यापैकी बहुतेकांचे आजोबा-पणजोबा त्याच वर्गातले होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जो हक्क मागितला गेला तो पिण्याच्या पाण्याचा. शेतीच्या पाण्यात भूमिहीनाचा हक्क मान्य होण्यास आणखी काळ गेला. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा प्रयोग केला, त्यात पाणी माणशी वाटले आणि भूमिहीनालाही वाटा दिला. फडाची शिस्त आणि नायगावचा हा नियम एकत्र आले असते तर काय झाले असते, याचा विचार मी अनेकदा करतो. प्रत्यक्षात वरच्या अंगास लाटीपाडा, अक्कलपाडा अशी धरणे झाली, नदीचा बारमाही झरा आटला आणि पुष्कळ फड मोडले.

बाबासाहेबांचा या विषयाशी संबंध महाडपुरता नाही, हेही येथे नोंदवावयास हवे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला तो त्यांच्या कारकिर्दीत. दामोदर आणि महानदीच्या योजनांतून त्यांनी धरलेला आग्रह असा की नदीचा विचार प्रांताच्या हद्दीने नव्हे तर संपूर्ण खोऱ्याने करावा. हतनूरचा गाळ पाहिला की त्या आग्रहाचा अर्थ कळतो.

पांझरेचा संगम ओलांडला की तापी शिरपूर आणि शिंदखेडा तालुक्यांमधून, मुंबई-आग्रा महामार्गाच्या पुलाखालून, पश्चिमेस जाते. सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशे येथे तिच्यावर बंधारे आहेत. धुळे शहरास नळाने येणारे पाणी काही अंशी याच तापीचे, उपसून आणलेले. सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा योजनेचे भूमिपूजन फेब्रुवारी २०१९ मध्ये झाले; शिंदखेडा आणि धुळे तालुक्यांचे डोळे तिच्याकडे लागले आहेत. प्रकाशे हे नंदुरबार जिल्ह्यातील गाव तापी-गोमाईच्या संगमावर आहे. तेथे १९५५ च्या सुमारास बा. के. थापर यांनी उत्खनन केले तेव्हा ताम्रपाषाण युगापासूनच्या वस्तीचे थर सापडले. लोखंड माहीत नसलेली माणसेही याच उंच काठावर घरे बांधून राहत होती.

त्यापुढे गुजरात. १९७२ मध्ये पूर्ण झालेले उकाईचे धरण, त्याखाली काकरापारचा बंधारा, मग सुरत आणि डुमसजवळ अरबी समुद्र. तापीला गंगेसारखा त्रिभुज प्रदेश नाही. भरतीचे पाणी आत शिरणारी खाडी आहे. सुरतेच्या पुराविषयी मात्र एक महत्त्वाची बाब सांगितली पाहिजे. बंगालच्या उपसागरात निर्माण होणारे कमी दाबाचे पट्टे पावसाळ्यात पश्चिमेकडे सरकतात. तापीही पश्चिमेकडेच वाहते. त्यामुळे ढग आणि पूर एकाच दिशेने, जणू बरोबरीने चालतात, आणि वरचा पूर खाली पोहोचतो तेव्हा खालीही पाऊस कोसळत असतो. ऑगस्ट २००६ मध्ये सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली गेला. खानदेशातील अनेक कुटुंबे कापड गिरण्यांत आणि यंत्रमागांवर कामासाठी सुरतेत स्थायिक झाली आहेत, आपले माजी विद्यार्थीही आहेत. हतनूरचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की आता भुसावळचा भाऊ लिंबायतच्या बहिणीला फोन करतो.

आता त्या भूजलाकडे वळतो. सातपुड्याच्या पायथ्याशी रावेर, यावल, चोपडा तालुक्यांतून दगडगोटे व वाळूचा एक पट्टा जातो. डोंगरावरून उतरणारे पाणी या पट्ट्यात झपाट्याने मुरते आणि दक्षिणेकडील गाळाच्या थरांना मिळते. तो गाळ काही ठिकाणी शेकडो फूट खोल आहे. कुंडी भंडारा याच तत्त्वावर चालला. जळगावची केळी, जिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती याच पाण्यावर उभी राहिली. जमिनीतील ही साठवण शतकानुशतके भरली, आणि वीजपंप आल्यानंतर एकदोन पिढ्यांत आपण ती उपसली. पूर्वी हाताच्या अंतरावर पाणी असलेल्या विहिरी कोरड्या पडल्या, त्यांच्या तळाशी कूपनलिका गेल्या, आणि त्याही खोल खोल जात आहेत. ठिबक सिंचनात जळगावने देशाला वाट दाखविली हे खरे; पण ठिबकाने वाचलेले पाणी पुष्कळदा आणखी केळी लावण्यातच खर्ची पडले, हेही खरे.

उपाय सुरू नाहीत असे नाही. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद व खोल करून, बंधारे घालून पाणी जिरविले. ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून तो राज्यभर गाजला, त्यावर टीकाही झाली. साक्री तालुक्यातील बारीपाड्याच्या आदिवासी ग्रामस्थांनी चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने जंगल राखले आणि त्यामागोमाग विहिरींना पाणी आले. सातपुड्याच्या पायथ्याने कालवे काढून तापीचे पुराचे पाणी त्या मुरमाड पट्ट्यात जिरविण्याच्या महापुनर्भरण योजनेसाठी मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांच्यात मे २०२५ मध्ये करार झाला. योजना मोठी आहे, विस्थापनाचे प्रश्नही तिच्यासोबत आहेत, आणि ते सातपुड्यातील आदिवासींचे आहेत. त्यांचे उत्तर आधी मिळावे, मग कालवे खणावेत, असे माझे मत आहे.

ज्या विद्यार्थ्याने हिमालयाचा प्रश्न विचारला होता, तो आज शिंदखेडा तालुक्यात शिक्षक आहे. मागील वर्षी भेटला तेव्हा म्हणाला, “गुरुजी, मी मुलांना आधी तापीचाच बाण काढायला सांगतो.” मी विचारले, किती जणांचा बरोबर येतो? तो हसून म्हणाला, “अजून निम्म्यांचाच.”